सीएसआर नंबर मिळाला, पैसे कुठं आहेत? सीमाभागातल्या संस्थांसाठी एक सरळ हिशेब

मार्च महिना आला की बेळगावच्या पेपरांत एक ठरलेला फोटो दिसू लागतो. शाळेचं पटांगण, नवी बाकं नाहीतर पाण्याचा फिल्टर, मागं फलक, पुढं कंपनीचे अधिकारी आणि एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची मंडळी. खाली ओळ असते, 'सीएसआर फंडातून मदत', म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामावर खर्च करायच्या पैशातून. फोटो पाहिला की गावच्या वाचनालयात, तालमीत, महिला मंडळात विषय निघतो: त्यांना मिळतं, मग आपल्याला का नाही? एकजण सांगतो, नंबर काढावा लागतो. दुसरा म्हणतो, माझ्या ओळखीत एक माणूस आहे, थोडे पैसे घेतो पण काम करून देतो. तिसरा कोल्हापूरच्या पाहुण्याला फोन लावतो आणि पाहुणा सांगतो, आधी धर्मादाय आयुक्तांकडं जा.

पहिल्याचं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. तिसऱ्याचा सल्ला कोल्हापुरात शंभर टक्के बरोबर आहे, खानापुरात त्याचा उपयोग नाही. आपल्याकडचा घोळ इथंच होतो. मराठीत वाचायला आणि व्हिडिओत बघायला मिळणारी बहुतेक माहिती महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी असते. आपण ती वाचतो आणि कर्नाटकातल्या कार्यालयात जाऊन उभे राहतो.

हा पैसा कुणाचा?

सीएसआर म्हणजे उद्योगांची सामाजिक जबाबदारी. पूर्वी ती मालकाच्या मर्जीवर असायची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नं ती कायद्यात आणली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती लागू झाली. नियम असा: कंपनीची मागच्या वर्षीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा त्याहून जास्त, उलाढाल १,००० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. तिन्हींपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. अशा कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची.

समजा, एका कंपनीचा तीन वर्षांचा नफा ६, ८ आणि १० कोटी आहे. सरासरी ८ कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे १६ लाख. एवढी तिची त्या वर्षाची जबाबदारी. देशभरातल्या कंपन्यांनी मिळून २०२२-२३ या वर्षात जवळपास ३० हजार कोटी रुपये असे खर्च केले.

हे पैसे सरकारजमा होत नाहीत, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. मुदतीत खर्च न झालेली रक्कम केंद्राच्या ठरावीक निधीत भरावी लागते, ती गोष्ट वेगळी. एरवी पैसे कंपनीकडंच असतात आणि कुणाला द्यायचे ते तिचं संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळं 'सीएसआर मंजूर करून देणारं सरकारी ऑफिस' शोधत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या जिन्यावर चढण्यात अर्थ नाही. तसं ऑफिसच नाही.

आमचा साखर कारखाना का देत नाही?

चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. कारखान्याची उलाढाल कोटींत आहे, मग सीएसआर कुठं गेला?

कलम १३५ कंपन्यांना लागू आहे. सहकारी साखर कारखाना ही सहकारी संस्था, कंपनी नव्हे. पतसंस्था आणि सहकारी बँकांचंही तेच. त्यांनी देणगी द्यावी की नाही हा सभासदांचा आणि त्यांच्या पोटनियमांचा प्रश्न. खासगी कारखाना मात्र कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि वरच्या अटीत बसत असेल, तर त्याला सीएसआर आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले अनेक कारखाने भागीदारीत किंवा एकट्या मालकाच्या नावावर चालतात. तेही कायद्याबाहेर. पण त्यातलाच एखादा फौंड्रीवाला प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि वर्षाचा नफा ५ कोटींच्या वर गेला असेल, तर तो आत येतो. माझ्या मते अशा मधल्या कंपन्यांकडं आपल्या संस्थांचं फार दुर्लक्ष होतं. सगळे मोठ्या नावांच्या मागं लागतात. वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समितीसुद्धा नेमावी लागत नाही, संचालकच निर्णय घेतात. म्हणजे मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पत्र धाडून वाट बघण्यापेक्षा मच्छे किंवा उद्यमबागेतल्या संचालकाला प्रत्यक्ष भेटणं सोपं.

कशाला मिळतात, कशाला मिळत नाहीत

कायद्याला जोडलेली एक यादी आहे, तिला सातवी अनुसूची म्हणतात. भूक आणि कुपोषण, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा आणि कला, माजी सैनिक, खेळांचं प्रशिक्षण, ग्रामविकास, आपत्ती निवारण असे विषय तिच्यात आहेत. सार्वजनिक वाचनालय उभारणं हे त्या यादीत चक्क शब्दानं लिहिलेलं आहे. सीमाभागात गावोगावी मराठी वाचनालयं असताना हा मुद्दा कुणी फारसा वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

आता आपल्या तीन आवडत्या गोष्टी घेऊ.

कुस्ती. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण यादीत आहे. तालमीतल्या पोरांचा खुराक, मॅट, वस्तादाचं मानधन असा वर्षभराचा कार्यक्रम आखला तर त्याचा विचार होऊ शकतो. पण जत्रेतलं एका दिवसाचं मैदान बसत नाही. एकदाच होणारे कार्यक्रम, बक्षिसं, प्रायोजकत्व हे सीएसआर मानायचं नाही, असं केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१४ सालीच परिपत्रकात सांगितलंय. मैदानाला कंपनीचा बॅनर लागतो तो जाहिरातीच्या पैशातून.

साहित्य संमेलन. येळ्ळूर, कडोली, उचगाव भागात दरवर्षी संमेलनं होतात, मंडप भरतात. त्यांनाही तोच नियम. त्याच मंडळींनी वर्षभर चालणारी अभ्यासिका काढली, तर ते शिक्षण झालं.

देऊळ. गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार यादीत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूचं जतन आहे, पण गेल्या पिढीत बांधलेल्या सभामंडपावर स्लॅब टाकायला ती वाट चालत नाही.

याशिवाय राजकीय पक्षाला दिलेले पैसे, फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याची कामं आणि दुसऱ्या एखाद्या कायद्यानं कंपनीला करावीच लागणारी कामं, हे काहीच सीएसआरमध्ये धरत नाहीत.

पहिली पायरी: नोंदणी, आणि इथंच महाराष्ट्राशी फारकत

कंपनी स्वतः काम करू शकते किंवा संस्थेमार्फत करून घेऊ शकते. संस्था तीन प्रकारची चालते: नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट, नोंदणीकृत सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. नोंदणी नसलेलं तरुण मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ कितीही जुनं असो, त्याच्या नावावर सीएसआर येत नाही.

महाराष्ट्रात सोसायटी काढली तरी ती सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडंही नोंदवावी लागते. कर्नाटकात तसं कार्यालय नाही. इथं मुजराई खातं आहे, पण ते देवस्थानांचं बघतं. बेळगावात सोसायटी काढायची तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली किमान सात सभासद घेऊन सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडं जायचं. ट्रस्ट करायचा तर ट्रस्ट डीड करून सबरजिस्ट्रारकडं नोंदवायचं, जसं जमिनीचं खरेदीपत्र नोंदवतो. कलम ८ ची कंपनी केंद्राच्या पोर्टलवर नोंदते, तिला राज्याचा फरक पडत नाही.

जुन्या संस्थांचा पेच वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं काही संस्थांच्या कपाटात मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा दाखला आहे, मराठीत लिहिलेली घटना आहे, आणि शेवटचा फेरबदल नोंदवून कित्येक वर्षं झालीत. दाखल्यावरचे विश्वस्त हयात नसतात. आज काम बघणाऱ्यांचं नाव कुठंच नसतं. अशा संस्थेनं सीएसआरचा विचार करण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाकडून आपली नोंदणी आज कोणत्या कायद्याखाली धरली जाते ते पाहून घ्यावं आणि कार्यकारिणी कागदावर अद्ययावत करावी. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे राहिलं तर पुढचं सगळं अडतं.

नावाची स्पेलिंग, पत्त्यातलं बेळगाव

दिसायला ही बारीक गोष्ट आहे, पण आपल्या भागात ती फार नडते. संस्थेचं नाव मराठीत एक असतं. कन्नडमधून इंग्रजीत लिहिताना 'मंडळ'च्या शेवटी एक जादा ए लागतो, 'शिक्षण'च्या शेवटीही लागतो. नोंदणी दाखल्यावर तसं नाव, पॅन कार्डवर मराठी उच्चाराप्रमाणं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. पत्त्याचंही तेच: १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, म्हणून २०१२ च्या पॅनवर एक नाव आणि २०१८ च्या डीडवर दुसरं. ऑनलाइन अर्ज पॅनवरचं नाव धरून बसतो. एक अक्षर इकडंतिकडं झालं तर अर्ज परत येतो, आणि कारण काय ते कुणी मराठीत समजावून सांगत नाही. तेव्हा दाखला, पॅन, पासबुक आणि ठरावाचं लेटरहेड टेबलावर शेजारीशेजारी मांडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधी पॅन दुरुस्त करा.

दुसरी पायरी: प्राप्तिकर खातं

इथून पुढं कर्नाटक आणि महाराष्ट्र एकच, कारण कायदे केंद्राचे. संस्थेला प्राप्तिकर खात्याच्या दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी, जिला सगळे '१२ए' म्हणतात. दुसरी म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळवून देणारी मान्यता, म्हणजे '८०जी'. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदललेत, पण लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत आणि बरीच वर्षं राहतील.

नवीन संस्थेला आधी तात्पुरती मान्यता मिळते, ३ वर्षांची. मग पक्की घ्यायची, तिलाही मुदत असतेच. ८०जी ५ वर्षांनी पुन्हा करावी लागते. पूर्वी एकदा दाखला मिळाला की भिंतीवर टांगला आणि विसरला, असं चालायचं. आता तारीख चुकली तर मान्यता जाते. तारखा सचिवाच्या डोक्यात न ठेवता फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: तो नंबर

१ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'सीएसआर-१' नावाचा फॉर्म भरावा लागतो. सोबत पॅन, नोंदणी दाखला, पदाधिकाऱ्याची डिजिटल सही, आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांच्यापैकी एकाची पडताळणी. फॉर्मला सरकारी शुल्क नाही. सीएची फी आणि डिजिटल सहीचा खर्च तेवढा येतो. फॉर्म गेला की यंत्रणा आपोआप नंबर देते, 'सीएसआर' ही अक्षरं आणि पुढं आठ आकडे.

'आपोआप' या शब्दाकडं लक्ष द्या. कुणी अधिकारी गावात येऊन तुमचं वाचनालय बघत नाही. त्यामुळं नंबर म्हणजे कामाची पावती नव्हे. शिवाय संस्थेनं तशाच प्रकारचं काम किमान तीन वर्षं केलेलं असलं पाहिजे, ही अट वेगळी आहेच. कंपनीनं स्वतः काढलेल्या संस्थेला ती नाही, आपल्याला आहे.

नंबर आला, मग फोन का येत नाही?

वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवलं म्हणजे लग्न ठरलं असं होत नाही. वहीत नाव आलं, एवढंच. पुढं समोरचे लोक चौकशी करतात, घर बघतात, चार ठिकाणी विचारतात, आणि आपणही विचारतो. सीएसआरचं अगदी तसंच आहे. नंबर नसेल तर बोलणीच सुरू होत नाहीत. असेल तर आता कुठं सुरू होऊ शकतात.

कंपनी चौकशीत काय बघते? तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब. कार्यकारिणीत एकाच घरचे किती लोक आहेत. पैसे रोखीत फिरतात की बँकेतून. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर संस्था आहे का. ती नोंदणी फुकट आहे, करूनच ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रस्ताव. 'आमच्या वाचनालयास भरीव मदत करावी ही नम्र विनंती' हा प्रस्ताव नाही. खानापूर तालुक्यातल्या पाच गावांत सातवी ते दहावीची किती मुलं आहेत, त्यातल्या किती जणांना घरी अभ्यासाला जागा नाही, अभ्यासिकेला महिन्याला वीज किती, भाडं किती, देखरेखीला माणूस किती पगाराचा, आणि वर्षअखेरीस काय मोजून दाखवणार, एवढं दोन पानांत आलं की तो प्रस्ताव झाला. इंग्रजी चांगलं नसेल तर बिघडत नाही, आकडे मात्र खरे हवेत.

छोट्या नव्या संस्थेनं ही तीन वर्षं हात बांधून बसू नये. गावच्याच देणग्यांवर काम चालू ठेवावं, पावती फाडावी, हजेरी लिहावी, फोटोवर तारीख टाकावी. तीन वर्षांनी तीच फाइल कामाला येते.

'एवढे कागद? आमच्यावर विश्वास नाही का?'

ही तक्रार मी फार ऐकलीय, आणि तिच्यात तथ्यही आहे. पाच दशकं नेकीनं वाचनालय चालवलेल्या अण्णांना पंचवीस वर्षांच्या पोरानं 'युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशाला लागले त्याचा दाखला) द्या' म्हटलं की राग येणारच. पण कंपनीचीही मान अडकलेली असते. दिलेला पैसा ठरल्या कामालाच लागला हे तिच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला सहीनिशी सांगावं लागतं. खर्च न झालेली रक्कम मुदतीत ठरल्या जागी भरली नाही, तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, जे कमी असेल तेवढा दंड होतो. जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा. तो पोरगा त्या सहीसाठीच कागद मागत असतो.

यातच एक गैरसमज पसरलाय, की सीएसआरच्या पैशातून पगार देता येत नाहीत, फक्त ५ टक्के प्रशासकीय खर्च चालतो. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पात शिकवणाऱ्या बाईंचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. प्रस्तावात तो मोकळेपणानं लिहा. लाजून पगार लपवला तर सहा महिन्यांत बाई नोकरी सोडतात आणि प्रकल्प तिथंच बसतो.

इमारत किंवा यंत्रासारखी टिकाऊ वस्तू घ्यायची असेल तर ती कुणाच्या मालकीची राहणार हेही ठरलेलं आहे: सीएसआर नंबर असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचा बचत गट किंवा तसा समूह, नाहीतर सरकारी यंत्रणा. सरकारी मराठी शाळेला खोली बांधून दिली तर ती सरकारची होते. कंपनीला ती स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, आणि अध्यक्षांच्या नावावर तर अजिबातच नाही.

ओळखीचा माणूस आणि रोख परतावा

'पन्नास लाख आणून देतो, आधी पन्नास हजार द्या' असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. फॉर्म भरून देणाऱ्या सीएची फी वाजवी आहे, ती द्या. फंड 'आणून देणाऱ्या'ला मात्र द्यायचं काही नाही, कारण निर्णय कंपनीच्या संचालकांचा असतो.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे चेक मोठ्या रकमेचा घ्यायचा आणि त्यातला वाटा रोखीनं परत करायचा. परत केलेल्या पैशाची खोटी बिलं तुमच्या वहीत लागतात. चौकशी आली की सही तुमची असते, 'साहेबां'ची नसते. एवढ्यावरून ८०जी गेली तर गावची साधी देणगीसुद्धा अवघड होऊन बसते.

सीमेपलीकडची कंपनी आपल्याला देऊ शकते का?

देऊ शकते. कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या हद्दीला तो बांधलेला नाही. कंपनीनं आपल्या कामाच्या जागेला आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कलम १३५ सांगतं, पण आसपास म्हणजे त्याच राज्यात असं कुठं म्हणत नाही. ते प्राधान्यही सक्तीचं नाही, असा खुलासा मंत्रालयानं २०२१ साली केला. चंदगड तालुक्यातलं शिनोळी महाराष्ट्रात आहे, पण तिथल्या औद्योगिक वसाहतीतले कामगार बेळगाव तालुक्यातल्या गावांतून रोज ये-जा करतात. शिनोळीतल्या कंपनीला उचगाव 'आसपास'च आहे. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कंपन्यांना निपाणी तशीच. महाराष्ट्रातल्या कंपन्यांकडं आपण भाषेच्या नात्यानं जातो आणि कर्नाटकातल्या कंपन्यांकडं संकोचानं जातच नाही. माझ्या मते दोन्हीकडं सारख्याच फाइली घेऊन जावं. यमनापूरच्या अॅल्युमिना कारखान्याला किंवा हत्तरगीच्या विमानभाग बनवणाऱ्या वसाहतीला तुमची अभ्यासिका मराठी आहे की कन्नड यापेक्षा ती रोज उघडते का, हे जास्त महत्त्वाचं असायला हवं. नसेलच, तर विचारल्याशिवाय कळणार कसं?

जायच्या आधी घरबसल्या एक काम करता येतं. सीएसआर लागू असलेल्या आणि वेबसाइट असलेल्या कंपनीला आपलं धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथं जाहीर करावे लागतात. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीनं कोणत्या राज्यात कशावर किती खर्च केला तेही दिसतं. जी कंपनी तीन वर्षं फक्त आरोग्यावर खर्च करतेय तिच्याकडं वाचनालयाचा प्रस्ताव नेऊ नका, तिच्याकडं आरोग्य शिबिर वर्षभर चालवणारं महिला मंडळ पाठवा. आणि मार्चची वाट बघू नका. मार्चमधले फोटो आधी ठरलेल्या कामांचे असतात. संचालक मंडळाला वर्षाचा सीएसआर आराखडा आधी मंजूर करावा लागतो, तेव्हा तुमची दोन पानं एप्रिल-मेमध्येच त्यांच्या टेबलावर गेलेली बरी.